लॉनवरचा राब

नवरात्र संपलं की आमच्या सोसायटीच्या लॉनला टक्कल पडतं. नऊ दिवस गरबा चालतो, आणि खेळणारे काही पायाखाली काय आहे ते बघून खेळत नाहीत. बघावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाले बांबू उपटून नेतात आणि मागे उरतो मधोमध एक मोठा गोल, मातकट, टाचांनी चोपून घट्ट केलेला. कडेने हिरवं, मध्ये उघडं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून ते हुबेहूब माझ्या डोक्यासारखं दिसतं, असं सुलभा, म्हणजे माझी बायको, दरवर्षी न चुकता सांगते.

यंदाही तिने सांगितलं. आणि यंदाही आकाशकंदील उतरायच्या आत पुण्याहून बियाण्याची पिशवी आली. ती उघडून मी आधी हात आत घालतो. बी थंड असतं, हलकं असतं, बोटांमधून सळसळत निसटतं. दाणा दिसायला पोचट साळीसारखा, आणि वास कोरड्या पेंढ्याचा. एवढ्याशा कुसळात आख्खं गवत कुठे दडून बसतं, हा प्रश्न मला चौसष्टाव्या वर्षीही पडतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन अजून चटके देत असतं, पण सकाळी सहाला पाम गावाच्या बाजूच्या भातखाचरांवर धुक्याची पातळ पट्टी दिसायला लागलेली असते. तेवढ्यावरून मी ओळखतो की दिवस आले. पण आता पिशवीत हात गेला की या बियाचा पहिला हंगाम आठवतो आणि हात जरा लवकर बाहेर येतो.

मी मूळचा सांगोल्याकडचा. आमच्याकडे गवत म्हणजे पावसानंतर दोन महिने दिसणारी आणि मग शेळ्यांच्या पोटात जाणारी वस्तू. तारापूरला कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा ऑफिससमोरची हिरवळ बघून मला संशय आला होता, की हे रंगवलेलं तर नाही. मी वाकून हातही लावून पाहिला होता. पुढे तीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत काढली. ड्रममधला नमुना बाटलीत घ्यायचा, तपासायचा, लिहायचा, सही करायची. नोकरी संपली, पण तपासायची खोड संपली नाही. सोसायटीच्या सभेत मी इतके प्रश्न विचारायचो की शेवटी सेक्रेटरींनी मला कमिटीवरच घेतलं आणि लॉन माझ्या गळ्यात बांधलं. त्यांचा हिशेब साधा होता. गवत उलट बोलत नाही, तेव्हा हे गृहस्थ तिथेच गुंतून पडतील. हिशेब बरोबर निघाला.

माझा एक पुतण्या पुण्याजवळ गोल्फच्या मैदानावर हिरवळीचं काम बघतो. त्याला मी आमच्या टकलाचा फोटो पाठवला, तेव्हा त्याने मला नवीनच शब्द दिला, ओव्हरसीडिंग. आहे त्या गवतावर दुसरं गवत पेरायचं. आपली हरळी थंडीत आळसावते, पिवळी पडते, वाढायची थांबते. तेव्हा तिच्या अंगावर राय नावाचं थंडीचं गवत टाकायचं. ते चार महिने हिरवंगार राहतं आणि उन्हाळा लागला की मरतं. तोवर खालची हरळी जागी झालेली असते. आमच्या समुद्राकाठच्या दमट हवेत ते नीट येईल का, याची त्याला खात्री नव्हती. मला तेवढंच हवं होतं. खात्री असती तर मला त्यात काय करमणूक?

पेरणं हे अगदी शेवटचं आणि सोपं काम. खरी मेहनत आधीची. जुनं गवत जमिनीलगत कापायचं, इतकं की बघणाऱ्याला ते मेलंच वाटावं. मग दाताळ्याने खरवडून बुडातला मेलेला गुंता ओढून काढायचा. मग जमिनीला भोकं पाडायची, म्हणजे हवा-पाणी आत जाईल. मग चाळलेलं शेणखत पसरायचं. बियाला माती लागली पाहिजे, पुतण्या सारखं बजावत होता, गवताच्या गादीवर पडलेलं बी नुसतं पाखरांचं जेवण. भोकांसाठी मी एक शोध लावला. दोन फळ्यांना खिळे ठोकले आणि जुन्या चपला त्यांच्यावर बांधल्या. त्या घालून लॉनवर फिरायचं, म्हणजे चालता चालता भोकं. चौथ्या पावलाला डावा पाय जमिनीत रुतला तो निघेना, आणि मी वॉचमनच्या डोळ्यांदेखत आडवा झालो. तो बिहारी मुलखातला, फार सभ्य माणूस. त्याने मला उठवलं, कपडे झटकले आणि तोंड फिरवून हसला.

खरवडणं आणि चाळणं मात्र लाडकीबाईकडे होतं. ती आमची माळीण. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरची वारली बाई, पन्नाशीच्या आसपासची, वय विचारलं की मलाच अंदाज करायला सांगायची. मुलगी कारखान्यात पॅकिंगला होती, तिच्याबरोबर शेजारच्या सालवड गावात एका खोलीत राहायची. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतं. सेक्रेटरींनाही 'तू' म्हणायची, आणि त्यांना पहिला आठवडाभर ते पचलं नाही. तिला मात्र आमच्या लॉनचं नवल वाटायचं. जन्मभर शेतातली हरळी खणून काढण्यात कंबर मोडली आणि इथे तिलाच खत घालायला माणूस ठेवतात, याचा अर्थ लावत ती कधी कधी झारी हातात धरून नुसती उभी राहायची.

आमच्याकडे येण्याआधीची कितीतरी वर्षं ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. त्यांचा निम्मा पाडा जातो. डोक्यावरून कच्च्या विटा वाहायच्या, पावसाळा तोंडावर आला की परतायचं. गुडघे तिथेच गेले, असं ती सांगायची. त्या वर्षी दसऱ्याला कमिटीत निघालं, की बाई कशाला, लॉन एजन्सीला देऊन टाकू. मी आडवा आलो. हिवाळ्यापर्यंत थांबा, म्हटलं, लॉन हिरवं झालं तर बाईला कायम ठेवू. सेक्रेटरींनी मान हलवली. मी खाली जाऊन लाडकीबाईला तसं सांगितलं. तिने दाताळं खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मना भट्टीवर नाय जाचा आता, सायेब."

खरवडताना एक गंमत झाली. आमच्या लॉनमधून एक पट्टा तिरका जातो, हातभर रुंद. तिथलं गवत वर्षभर इतरांपेक्षा गडद असतं. दोन वर्षं मी त्या पट्ट्याच्या मागे लागलो होतो. खालून ड्रेनेजची फुटकी लाईन जात असेल म्हणून प्लंबर आणून झाला. जमिनीचा नमुना जुन्या लॅबमधल्या मित्राकडे देऊन झाला. लाडकीबाई खरवडत त्या पट्ट्यापाशी आली, खुरप्याने वीतभर खणलं, बिल्डरच्या मुरुमाखालची काळी माती चिमटीत घेतली आणि हुंगली. मग हात लांब करून पट्टा जातो तशी सोसायटीच्या भिंतीपलीकडे दाखवत म्हणाली, "हा बांध हाय. ये सगला खाचर व्हता."

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. पलीकडच्या पडीक तुकड्यात बांध अजून होता, आणि तो सरळ रेषेत आमच्या पट्ट्याला येऊन मिळत होता. मुरुम सगळीकडे सारखा टाकला, पण बांधाच्या उंचवट्यावर तो पातळ पडला, तिथे मुळं खालच्या चांगल्या मातीला पोचली. मी त्या संध्याकाळी वहीत तीन पानं लिहिली. बिल्डरच्या कागदावर लॉन आहे, त्याच्याखाली भाताचं खाचर आहे, आणि दोघांची ओळख अजून तुटलेली नाही, असलं बरंच काही. लाडकीबाईने ते एका हुंगण्यात कसं ओळखलं, हे मला विचारायचं होतं. पण पानं भरण्याच्या नादात राहून गेलं.

दोन दिवसांनी मला गावी चुलतभावाच्या वास्तुशांतीला जायचं होतं. बियाची पिशवी घरात ठेवली आणि निघताना तिला म्हटलं, बी मी आल्यावर बघू, तोवर पेरणीसाठी जमीन तयार करून ठेवा. ती म्हणाली, करते. मला वाटलं, बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सांगोल्यात पंगतीत बसलो असताना सुलभाचा फोन आला. लॉनवर आग लागली होती.

बोईसरला राहणाऱ्या माणसाचं आणि धुराचं नातं वेगळं आहे. इथे धूर दिसला की लोक आधी खिडक्या लावतात आणि मग कारखान्यांच्या कुठल्या प्लॉटला लागली ते विचारतात. वर्षातून कधीतरी लांबून धप्प आवाज येतो, तावदानं थरथरतात, आणि सगळी सोसायटी गॅलरीत येऊन एका दिशेला बघत उभी राहते. त्यामुळे त्या सकाळी खाली धूर दिसला तेव्हा कुणीतरी थेट अग्निशमन दलाला फोन केला. गाडी आली. बादलीभर पाण्याचं काम त्यांनी पाइप लावून केलं. धुराने सेक्रेटरींच्या आईंचा दमा उसळला, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. लाडकीबाई मध्ये उभी होती, हातात सुपली. लॉन का पेटवलंस, असं चारही इमारती एकदम ओरडून विचारत होत्या, तेव्हा तिने काय उत्तर दिलं ते कुणाला ऐकूच आलं नाही. सेक्रेटरींनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी आलो तेव्हा ती गेलेली होती. सालवडच्या खोलीवरही नव्हती, भात कापणीला पाड्यावर गेली असं मुलीने सांगितलं. सुलभाने मला पाणी दिलं आणि विचारलं, जमीन तयार कर म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना? मी म्हटलं, हो, पण असं नव्हतं सांगितलं. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा तर मी एवढंही म्हटलं नाही. बाईच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, असं म्हणालो आणि हात झटकले. हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे जळक्या जागेवर जाऊन बसलो, भिंग घेऊन. वास ओल्या राखेचा आणि शेणाचा. आणि तिथे पहिलं आश्चर्य हे, की आख्खं लॉन वगैरे काही जळलेलं नव्हतं. टकलाच्या एका कडेला दोन खाटा मावतील एवढा काळा चौकोन होता, बस. चारही बाजूंनी खुरप्याने चर ओढलेला, कोपरे काटकोनात, आग पुढे सरकू नये म्हणून. सगळ्यात खाली शेण, त्यावर बदामाची वाळकी पानं आणि आम्हीच खरवडलेलं गवत, त्यावर मातीचा पातळ थर. मातीमुळे ज्वाळा झाली नव्हती, नुसतं धुमसत भाजलं होतं. हे येड्या बाईचं काम नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, याला राब म्हणतात. इथले शेतकरी उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी अशीच जमीन भाजून घेतात. आम्ही देशावरची माणसं. ज्वारी पेरणाऱ्याला राब कुठून माहीत असणार? मी वहीत 'राब' असा मथळा टाकला.

मग बी मीच पेरलं. निम्मं उभं, निम्मं आडवं, पुतण्याने सांगितलं तसं, काळ्या चौकोनातही आणि बाहेरही. पहिले तीन दिवस साळुंक्या आणि पारव्यांनी मेजवानी झोडली. मुंग्यांची एक रांग दाणे उचलून थेट वॉचमनच्या केबिनखाली नेत होती. राखेत मात्र मुंग्या उतरत नव्हत्या. चरापर्यंत यायच्या, मिशा हलवायच्या आणि वळायच्या. सहाव्या सकाळी मी जमिनीला गाल टेकवून पाहिलं तर काळ्या चौकोनावर हिरवी वाफ तरंगत असल्यासारखी दिसली. दोन दिवसांत तिथे इतकी दाट लव आली की काडेपेटीएवढ्या जागेतले कोंब मोजताना डोळे शिणायचे. बाहेर मात्र तेवढ्याच जागेतले कोंब बोटांवर संपायचे. मी धावत वर गेलो आणि सुलभाला सांगितलं. भाजलेल्या जागेत तणाचं बी मरतं, किडामुंगी हटते, राखेचा पोटॅश मिळतो, काय अक्कल आहे बघ या लोकांची.

सुलभा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, मग त्या बाईला परत का नाही बोलावत?

आठ दिवसांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मुंग्या का वळतात हा पडला होता.

त्या रविवारी कमिटीची सभा झाली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, पेरणीसाठी जमीन तयार करा असं मी सांगितलं होतं, कशी ते सांगितलं नव्हतं, तिने तिच्या रीतीने केली. चूक माझी आहे. वाटलं होतं त्यापेक्षा सगळे शांत राहिले. सेक्रेटरी मनाने वाईट नाहीत, आईच्या दम्याने बिथरले होते. ते म्हणाले, हे तुम्ही आधीच बोलायचं होतं. मग ठराव झाला, की लाडकीबाईंना कायम कामावर घ्यावं, लॉनचं काहीही होवो. मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

एसटी, मग टमटम, मग चालत. नोव्हेंबर सरत आला होता. डोंगरउतारावरची खाचरं कापून झाली होती आणि ताज्या पेंढ्याचा तो गोडसर वास सगळीकडे होता. पाड्यावर निम्म्या घरांना बाहेरून कड्या लावलेल्या होत्या. लाडकीबाई खळ्यावर भात झोडत होती. मला बघून थांबली नाही, हातातली पेंढी पुरी झोडली आणि मग बाज टाकली. घरात कोपऱ्यात एक बोचकं बांधलेलं होतं, वर तवा आणि पातेलं. भट्टीची गाडी परवा येणार होती.

काळा चहा आला. मी ओशाळून आपला राबाचा विषय काढला. तिने घराखालच्या उतारावरचा एक लहानसा तुकडा दाखवला, अंगणाहून थोडा मोठा. दरवर्षी राब तिथेच, आईच्या वेळेपासून. मी म्हटलं, एवढ्याशा जागेत भात किती होणार? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"भात तेथं थोडाच वाढतो? तेथं निस्ता उगवतो. मंग उपटाचा न् बाकी खाचरात लावाचा."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने लॉन भाजलंच नव्हतं. तिने रोपवाटिका केली होती. दोन खाटांएवढ्या जागेत गवताची दाट रोपं करायची आणि ती उपटून टकलावर लावायची, एकेक जुडी करून, भातासारखी. पेरलेलं बी पाखरं खातात, लावलेलं रोप खात नाहीत. जागा कडेची निवडली होती, कारण मधून लोक चालतात. चौकोन केवढा हेसुद्धा टक्कल पावलांनी मोजून ठरवलं होतं. सगळा बेत तिच्याकडे तयार होता. हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मना कोनी इचारला नाय."

मी म्हटलं, चला, कामावर या, तुमच्या राबात गवत उगवलंय, आता लावायला माणूस नाही. ती आत गेली, बोचक्यावरचा तवा उचलला आणि चुलीपाशी नेऊन ठेवला.

डिसेंबरातल्या एका आठवड्यात आमच्या लॉनवर आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली. शहरातल्या सोसायटीत अशी आवणी मी तरी ऐकलेली नाही. लाडकीबाई वाकायची, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्याच्या अंगठ्याने भोक, चार-पाच काड्या आत, बोटाने दाब, आणि एक पाऊल मागे. मागे मागे जाताना तिची ओळ कधी वाकडी झाली नाही. मी शेजारची ओळ धरली. ती अर्ध्यावर जाऊन माझ्या कंबरेसकट मोडली. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. सेक्रेटरींची आई खुर्ची घेऊन खाली येऊन बसल्या आणि त्यांच्या गुजराती-मराठीत लाडकीबाईशी लोणच्याबद्दल बोलू लागल्या. आग विझवायला निघालेली माणसं आणि रोप लावताना बघायला जमलेली माणसं तीच, ही गोष्ट मला फार वेळ पुरली.

जानेवारीत ओळी एकमेकींत मिसळल्या. सकाळी नऊपर्यंत दव असायचं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर लोक चपला काढून त्यावर उभे राहिले आणि कुणी लवकर घरी जाईना. राय गवताची पात हरळीपेक्षा मऊ असते, खालच्या बाजूने चकचकीत, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पूर्ण लॉन तेल लावल्यासारखं चमकतं. मी रोज वहीत लिहायचो. पातीची लांबी, सकाळचं तापमान, किती दिवसांनी कापलं. लाडकीबाई खाली तिचं काम करायची, मी माझं. आमचं छान चाललं आहे, असं मला वाटत होतं.

होळी झाली आणि ऊन फिरलं. वहीतली मार्चची नोंद माझ्यासमोर आहे: टोकांना पिवळेपणा सुरू. चार दिवसांनी: पिवळेपणा वाढतो आहे. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित: जमीन इतकी ओली कशी? कुणीतरी जास्त पाणी घालत आहे का? मुळं कुजतील. पुढे प्रश्नचिन्ह. तो प्रश्न मी वहीला विचारला आणि वही मिटली.

एका सकाळी सहाला मी फिरायला उतरलो तर लाडकीबाई बाकाजवळ उभी होती. तिची वेळ आठची. हातात गवताचा एक पिवळा झुबका होता, मुळांसकट. साडीचा खालचा भाग ओलाचिंब. मागून वॉचमनने सांगितलं की बाई पंधरा दिवस अशीच अंधारात येते, सालवडहून चालत, टाकीजवळच्या नळावरून बादल्या वाहते. तिने तो झुबका माझ्यापुढे धरला.

"मी पानी कमी नाय टाकला सायेब. शेनखत पन टाकला. तरी मरतो. भट्टी अजून चालू हाय, पन मना नको धाडू."

मी तिला सांगितलं. हे गवत थंडीचंच असतं, ऊन तापलं की मरतं, ते मरायलाच हवं, खालची हरळी आता उठेल. पुतण्याने मला ऑक्टोबरात सांगितलं होतं, मी कमिटीला सांगितलं होतं, सुलभाला, वॉचमनला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं होतं. ज्या बाईने ते काडी काडी करून लावलं होतं तिला सांगायचं राहिलं होतं. ती ऐकत होती. झुबका तिच्या हातातच होता, मुळांमधून पाणी ठिबकत होतं.

"मरनारच व्हता, त मना सांगाचा व्हता ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ती बाकावर बसली, झुबका शेजारी ठेवला आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळू लागली. मीही बसलो. पामच्या बाजूने उजाडत होतं. आयुष्यभर प्रश्न विचारत आलो, पण त्या सकाळी शब्द जुळवायला मला जितका वेळ लागला तितका कधी लागला नव्हता. शेवटी मी विचारलं, लाडकीबाई, आम्ही आणखी काय काय सांगितलेलं नाही तुम्हाला?

तिने बाकावरचा झुबका उचलला आणि मुळांची माती झटकली.

"मी कायम हाय का नाय, ता."

ठराव नोव्हेंबरातच झाला होता. टाइप करून नोटीस बोर्डावर लावला होता, काचेआड, खाली माझीही सही होती. बोर्ड टाकीच्या नळाशेजारच्या भिंतीवर आहे. लाडकीबाईला वाचता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पंधरा दिवस ती त्याच्यासमोर वाकून बादल्या भरत होती.